घड्याळांची लढाई: मुंबईने नाकारलेली एकोणचाळीस मिनिटे

१/ जानेवारी १९०६. मुंबईतील जेकब ससून गिरणीच्या हजारो कामगारांनी काम करण्यास नकार दिला. दगडफेक झाली. वाद पगाराचा नव्हता. गिरणीच्या घड्याळाचे काटे एकोणचाळीस मिनिटांनी पुढे सरकवण्यात आले होते. एवढ्याशा बदलावरून गिरणगाव का पेटले आणि त्यानंतर चव्वेचाळीस वर्षे मुंबई दोन घड्याळांवर का जगली, याचा हा इतिहास. #थ्रेड

२/ सुरुवात सूर्यापासून करावी लागते. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका रेखांशाला चार मिनिटे. त्यामुळे पूर्वेकडच्या गावी मध्यान्ह आधी होते, पश्चिमेकडच्या गावी नंतर. मुंबई सुमारे ७२ अंश ५० मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. त्या हिशेबाने तिची सूर्यानुसारी वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे येते. कलकत्त्याची येते ५ तास ५३ मिनिटे. दोन्ही शहरांत एका तासाहून अधिक अंतर, आणि दोन्ही घड्याळे आपापल्या जागी बरोबर.

३/ या भेदाची जाण आपल्याकडे नवी नव्हती. भारतीय ज्योतिर्गणितात उज्जयिनीवरून जाणारी मध्यरेखा धरून इतर गावांसाठी ‘देशांतर’ संस्कार केला जाई. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो. साठ घटिकांचे अहोरात्र, म्हणजे एक घटिका चोवीस मिनिटांची. लग्नघरी घटिकापात्र पाण्यात सोडून मुहूर्त साधला जाई. प्रत्येक गावाचा काळ त्या गावाच्या आकाशाशी बांधलेला होता आणि त्यात कोणाची अडचण होत नव्हती.

४/ अडचण निर्माण केली रेल्वेने. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली तेव्हा प्रश्न उद्भवला नाही, कारण दोन्ही ठिकाणच्या वेळेत फरक नगण्य होता. परंतु लोहमार्ग मुंबईपासून कलकत्त्यापर्यंत जोडले गेले तसे वेळापत्रक कोणत्या गावच्या घड्याळाने छापावे, हे ठरवणे भाग पडले. एकाच रुळावर दोन गाड्या दोन वेगळ्या घड्याळांनी चालवणे म्हणजे अपघाताला निमंत्रण होते.

५/ तोडगा मद्रासमध्ये सापडला. तेथे १७९२ पासून वेधशाळा होती आणि शहर मुंबई व कलकत्ता यांच्या मध्ये येत होते. १८७० च्या सुमारास रेल्वेने ‘मद्रास टाइम’ स्वीकारला. तो ग्रिनिचच्या ५ तास २१ मिनिटे पुढे, म्हणजे मुंबईच्या बरोबर अर्धा तास पुढे होता. वेधशाळेतून तारायंत्राने वेळ कळवली जाई. फलाटावर एक वेळ आणि स्थानकाबाहेरच्या रस्त्यावर दुसरी, ही स्थिती मुंबईकराच्या अंगवळणी पडली. गाडी पकडायची तर मनात अर्धा तास मिळवायचा.

६/ हा हिशेब सरकारला मात्र खुपू लागला. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईच्या सरकारी कचेऱ्यांत मद्रास टाइम लागू केला. रेल्वेची वेळ ही प्रवाशापुरती मर्यादित होती, तर कचेरीची वेळ शहराच्या साऱ्या व्यवहारात शिरणारी होती. व्यापारी, वकील, कारकून आणि वृत्तपत्रे यांनी विरोध केला. आपले शहर कोणत्या घड्याळाने उठावे हे आपल्याला न विचारता ठरवले गेले, हा त्या विरोधाचा गाभा होता.

७/ वादाचे केंद्र बनला राजाबाई टॉवर. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभारलेला आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव धारण करणारा हा मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला होता. त्याचे घड्याळ विद्यापीठाच्या ताब्यात. रात्री घड्याळाच्या तबकड्या उजळण्याचा खर्च सरकारने द्यावा अशी अपेक्षा होती. सरकारची अट होती की घड्याळाने मद्रास टाइम दाखवावा. विद्यापीठाच्या सिनेटने मुंबई टाइमच्या बाजूने कौल दिला. अखेर १८८३ मध्ये फर्ग्युसन यांचा आदेश मागे घेण्यात आला. पहिली फेरी मुंबईने जिंकली.

८/ त्याच सुमारास जगभर काळाची नवी आखणी चालू होती. ऑक्टोबर १८८४ मध्ये वॉशिंग्टन येथे पंचवीस देशांचे प्रतिनिधी जमले आणि ग्रिनिचवरून जाणारी रेखा मूळ रेखावृत्त म्हणून पुढे आली. मात्र त्या परिषदेने कोणत्याही देशावर विशिष्ट प्रमाणवेळ लादली नाही. कोणी, केव्हा आणि किती काटे सरकवायचे, हे ज्या त्या राज्यसत्तेच्या हाती राहिले. म्हणूनच प्रमाणवेळेचा इतिहास ज्योतिर्गणितापेक्षा राज्यकारभाराच्या इतिहासात अधिक सापडतो.

९/ हिंदुस्थानासाठी निवडली गेली ८२ अंश ३० मिनिटे पूर्व ही रेखा. ती मिर्झापूरजवळून जाते. तिचे गुण दोन: ती देशाच्या साधारण मध्यभागी येते, आणि ग्रिनिचपासून तिचे अंतर बरोबर साडेपाच तासांचे आहे, मिनिटांचा विचित्र तुकडा मागे उरत नाही. जुलै १९०५ पासून रेल्वे आणि तारखाते या वेळेवर आले. १ जानेवारी १९०६ पासून ती सरकारी व्यवहाराची वेळ ठरली. ब्रह्मदेशासाठी साडेसहा तासांची वेगळी वेळ ठेवण्यात आली.

१०/ एका रेषेचा भार सर्वांवर सारखा पडला नाही. मद्रासला काटे अवघी नऊ मिनिटे पुढे न्यावे लागले. कलकत्त्याला सुमारे चोवीस मिनिटे मागे, म्हणजे तेथील माणसाला सकाळी थोडी उसंतच मिळाली. मुंबईला मात्र एकोणचाळीस मिनिटे पुढे जावे लागले. पंचांगाच्या भाषेत दीड घटिकेहून अधिक. सूर्य मुंबईच्या माथ्यावर येई तेव्हा नवे घड्याळ बारा वाजून एकोणचाळीस मिनिटे दाखवी.

११/ काटे पुढे केल्याने दिवस लहान होत नाही, हे समर्थकांचे म्हणणे गणिताने खरेच होते. परंतु कामाच्या वेळा घड्याळाने ठरत होत्या आणि स्नानसंध्या, नमाज, पारशांचे गाह हे सूर्याने. घड्याळ पुढे सरकले आणि कचेरी मात्र जुन्याच आकड्यावर उघडत राहिली, तर सूर्योदय आणि हजेरी यांमधली जागा एकोणचाळीस मिनिटांनी आकसत होती. ही जागा माणसाच्या स्वतःच्या मालकीची होती, आणि आता ती त्याच्या हातून निसटत होती.

१२/ ही चणचण सर्वाधिक जाणवली गिरणीत. रत्नागिरी, सातारा आणि घाटमाथ्यावरून आलेला कामगार चाळीतल्या एका खोलीत दाटीवाटीने राहत होता. पूर्वी गिरणीचा दिवस उजाडण्यापासून मावळण्यापर्यंत असे. अंधार ही कामावरची नैसर्गिक मर्यादा होती. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि ती मर्यादा उरली नाही. १९०५ च्या सुमारास अनेक गिरण्या चौदा तास आणि त्याहूनही अधिक चालू लागल्या. प्रौढ पुरुषाच्या कामाच्या तासांना तेव्हा कायद्याची कोणतीही कमाल मर्यादा नव्हती.

१३/ अशा वेळी नवे घड्याळ आले. जानेवारीत मुंबईचा सूर्य जुन्या वेळेने साडेसहानंतर उगवतो. नव्या घड्याळाने सहाचा भोंगा झाला, तर जुन्या घड्याळात पाच वाजून एकवीस मिनिटे झालेली असत. सूर्योदयाला तासाहून अधिक अवकाश. त्याआधी नळावर रांग, चूल, भाकरी आणि गिरणीपर्यंतची पायपीट. कामगाराच्या घरी घड्याळ असण्याची शक्यता कमी. त्याचे घड्याळ म्हणजे आकाश आणि भोंगा. या दोहोंची सांगड तुटली. आपली झोप कोणीतरी कापून नेत आहे, हा त्याचा समज गैरसमज नव्हता.

१४/ संशयाला राजकीय पार्श्वभूमीही होती. ज्या लॉर्ड कर्झन यांच्या राजवटीत प्रमाणवेळ ठरली, त्याच राजवटीत ऑक्टोबर १९०५ मध्ये बंगालची फाळणी अमलात आली होती. स्वदेशी आणि बहिष्कार यांनी वातावरण तापले होते. प्रजेला न विचारता देशाचा नकाशा बदलणारे सरकार आता घड्याळही बदलत आहे, अशी भावना झाली. मुंबईत पंधरा हजारांहून अधिक नागरिकांनी निषेधाच्या अर्जांवर सह्या केल्या. गिरणगावचा कामगार आणि फोर्टातला सुशिक्षित मध्यमवर्ग क्वचितच एका बाजूला दिसत. या प्रश्नावर ते दिसले.

१५/ महापालिकेत हा प्रश्न फिरोजशहा मेहता यांनी लढवला. सरकारने लोकांना विश्वासात घेतलेले नाही, हा त्यांचा मुद्दा होता. सरकारी कचेऱ्या, रेल्वे, टपाल आणि तार यांच्यावर महापालिकेचा अधिकार चालत नव्हता. स्वतःच्या घड्याळांवर मात्र चालत होता. १९०६ मध्येच तिने आपल्या कारभारासाठी मुंबई टाइम कायम ठेवण्याचा निर्णय घेतला. साम्राज्याच्या सत्तेपुढे एका नगरसंस्थेने आपल्या अखत्यारीतील तबकडीपुरता नकार दिला, आणि तो टिकवला.

१६/ परिणामी एकाच रस्त्यावर दोन वेळा नांदू लागल्या. स्थानकात ‘स्टँडर्ड टाइम’, महापालिकेच्या घड्याळावर ‘मुंबई टाइम’. निमंत्रणपत्रिकेवर आणि सभेच्या जाहिरातीत तासाच्या आकड्यापुढे कोणता टाइम हे लिहावे लागे. न लिहिले तर पाहुणे एकोणचाळीस मिनिटांच्या फरकाने येत. एखादा माणूस कोणत्या घड्याळाने वेळ सांगतो, यावरून तो कोठे नोकरी करतो आणि कोणाची बाजू घेतो, याचाही अंदाज बांधता येई.

१७/ दुसऱ्या बाजूचे म्हणणेही नोंदवले पाहिजे. मुंबई हे बंदर होते; लंडन, कलकत्ता आणि एडन यांच्याशी तिचा कारभार तारेवर चाले. तारेवरील वेळ, गाडीची वेळ आणि बाजाराची वेळ वेगळी असणे म्हणजे रोजचा गोंधळ. एका प्रमाणवेळेची गरज खरी होती. प्रश्न दोनच होते: तिची किंमत कोणी मोजायची, आणि ती मोजणाऱ्याला आधी विचारायचे की नाही. गिरण्यांनी भोंगा एकोणचाळीस मिनिटांनी उशिरा वाजवला असता, तर घड्याळ बदलूनही कामगाराची सकाळ तशीच राहिली असती.

१८/ काटे सरकवून माणसांना लवकर उठवण्याची ही युक्ती पुढे युरोपने हेतुपुरस्सर वापरली. न्यूझीलंडचे कीटकअभ्यासक जॉर्ज हडसन यांनी १८९५ मध्ये आणि इंग्लंडमधील बांधकाम व्यावसायिक विल्यम विलेट यांनी १९०७ मध्ये उन्हाळ्यात घड्याळे पुढे करण्याची कल्पना मांडली होती. ती देशपातळीवर प्रथम अमलात आणली युद्धाने: ३० एप्रिल १९१६ रोजी जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीने, तीन आठवड्यांनी ब्रिटनने. कोळसा वाचवणे हा उद्देश होता. अमेरिकेने १९१८ मध्ये ती स्वीकारली आणि शेतकऱ्यांच्या विरोधामुळे पुढच्याच वर्षी देशव्यापी सक्ती उठवली.

१९/ हिंदुस्थानात या उपायाला नैसर्गिक आधार कमी होता. लंडनमध्ये उन्हाळ्यातील सर्वांत मोठा आणि हिवाळ्यातील सर्वांत लहान दिवस यांत जवळजवळ नऊ तासांचा फरक असतो. मुंबईत सव्वादोन तासांच्या आसपास. वाचवण्याजोगा जादा उजेडच येथे थोडा. तरीही दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ च्या मध्यापर्यंत देशभर घड्याळे एक तास पुढे ठेवण्यात आली, आणि तीही उन्हाळ्यापुरती नव्हे तर बाराही महिने.

२०/ या तीन वर्षांत मुंबईपुढे तीन वेळा होत्या. मुंबई टाइमने दुपारचे बारा वाजले की जुन्या स्टँडर्ड टाइमने १२ वाजून ३९ मिनिटे आणि युद्धकालीन टाइमने १ वाजून ३९ मिनिटे झालेली असत. जानेवारीत सूर्य युद्धकालीन घड्याळाने आठ वाजून गेल्यावर उगवे. छत्तीस वर्षांपूर्वी एकोणचाळीस मिनिटांवरून भडकलेल्या शहराला आता सूर्यापासून एक तास एकोणचाळीस मिनिटे दूर नेण्यात आले होते. युद्ध संपताच तो जादा तास मागे घेण्यात आला.

२१/ १९४७ नंतर वादाचा संदर्भ बदलला. कलकत्त्यानेही आपली स्थानिक वेळ जपली होती. ती १९४८ मध्ये संपुष्टात आली. १९५० मध्ये मुंबई महापालिकेने भारतीय प्रमाणवेळ स्वीकारली आणि चव्वेचाळीस वर्षांची ही ‘घड्याळांची लढाई’ संपली. रूढीतला मुंबई टाइम पुढेही काही वर्षे रेंगाळला. मिर्झापूरजवळची रेषा तीच होती, एकोणचाळीस मिनिटेही तीच होती. बदलले होते ते वेळ ठरवणारे सरकार. ते लोकांनी निवडायचे होते, आणि आठ तासांच्या पाळीला १९४८ च्या कारखाने कायद्याचे संरक्षण मिळाले होते. जुन्या विरोधाची दोन्ही कारणे बऱ्याच अंशी विरली होती.

२२/ शेजारी देशांनी मात्र काटे सरकवणे थांबवले नाही. पाकिस्तानने १९५१ मध्ये पश्चिम भागासाठी पाच आणि पूर्व भागासाठी सहा तासांची वेळ घेतली. नेपाळने १९८६ मध्ये गौरीशंकर शिखराच्या रेखांशावरून पावणेसहा तासांची वेळ ठरवली. श्रीलंकेने १९९६ मध्ये वीजटंचाईमुळे घड्याळे आधी एक तास पुढे आणि मग अर्धा तास मागे केली. तमिळ वाघांच्या ताब्यातील प्रदेशाने हा बदल मानला नाही. २००६ मध्ये देश पुन्हा साडेपाचावर येईपर्यंत त्या बेटावर युद्धरेषेच्या दोन बाजूंना दोन वेळा होत्या.

२३/ भारतात हा प्रश्न आता उलट दिशेने उभा आहे. कच्छच्या पश्चिम टोकापासून अरुणाचलच्या पूर्व टोकापर्यंत सुमारे एकोणतीस अंशांचे अंतर आहे, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने जवळजवळ दोन तास. जूनमध्ये गुवाहाटीला साडेचारच्या सुमारास उजाडते आणि कचेऱ्या मात्र दहाला उघडतात. डिसेंबरात पूर्व आसामात साडेचारच्या आतबाहेर सूर्य मावळतो. चहाच्या मळ्यांनी इंग्रजी अमदानीपासून स्वतःपुरता उपाय केला आहे: प्रमाणवेळेच्या एक तास पुढचा ‘बागान टाइम’. १९०६ च्या मुंबईला सूर्यामागे राहायचे होते. आसामला सूर्याबरोबर पुढे जायचे आहे.

२४/ २०१४ मध्ये आसामचे तत्कालीन मुख्यमंत्री तरुण गोगोई यांनी राज्यासाठी बागान टाइमचा पुरस्कार केला. स्वतंत्र कालविभागाची मागणी करणारी याचिका गुवाहाटी उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये फेटाळली. २०१८ मध्ये, देशाची प्रमाणवेळ सांभाळणाऱ्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्याच शास्त्रज्ञांनी साडेपाच आणि साडेसहा तासांचे दोन विभाग सुचवले. सीमा बंगाल आणि आसाम यांच्यामधील चिंचोळ्या पट्ट्यात ठेवली, म्हणजे रेल्वेला मोजक्याच स्थानकांवर घड्याळ बदलावे लागेल. १८७० प्रमाणेच आजही युक्तिवादाचा शेवट रुळांवर येऊन थांबतो. केंद्र सरकारने अद्याप एकच वेळ कायम ठेवली आहे.

२५/ मुंबई टाइमची आठवण बहुधा एका हट्टी शहराची गंमत म्हणून सांगितली जाते. प्रत्यक्षात त्या शहराने अगदी व्यवहार्य प्रश्न विचारला होता. घड्याळ एक असावे हे मान्य केले, तरी कामाची वेळ, शाळेची वेळ आणि विश्रांतीची वेळ प्रत्येक प्रदेशाच्या उजेडाप्रमाणे ठरवता येते. त्यासाठी काटे हलवावे लागतातच असे नाही, भोंगा हलवला तरी पुरते. १९०६ मध्ये तो भोंगा हलवण्याचा अधिकार ज्यांच्या हाती होता, त्यांनी कामगाराला विचारले नाही. आज दिब्रुगडमधील शाळेची घंटा किती वाजता व्हावी, हे ठरवताना तोच प्रश्न समोर आहे.